पुडी फाटू द्या!

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली असेल, त्याने निदान एवढे तरी गृहीत धरले होते की, तो गडी आधी अंगणात उतरला, त्याने दोन पावले टाकली, ती चुकली आणि मग त्याने अंगणाला नावे ठेवली. आता त्या म्हणीचे वय झाले. आता आपण अंगणात उतरतच नाही. आधी अंगण सरळ करून घेतो, त्यावर फरशी बसवतो, फरशीला चकाकी आणतो, चहूबाजूंनी दिवे लावतो, त्या अंगणाचे छायाचित्र काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवतो; आणि एवढे सगळे झाल्यावर नाचायचे तेवढे राहून जाते!

हे मी तबल्याविषयी बोलतो आहे. दिवाळीच्या तोंडावर हा विषय काढण्याचे कारण उघड आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर वस्तू घरात आणायची आपली रीत आहे. त्या वस्तूंच्या यादीत अलीकडे तबल्याच्या जोडीलाही मानाचे स्थान मिळू लागले आहे. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर पालकांच्या मनात नादब्रह्म अधिकच जागे झाले आहे. मुलाने तबला शिकावा यात वाईट काहीच नाही. उलट आनंदच आहे. माझे भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीशी. तबला विकत घेणे म्हणजे तबला शिकणे, हा जो एक समज घरोघर पसरला आहे, त्याच्याशी माझे भांडण आहे.

आमच्या गावातले एक सद्गृहस्थ एकदा मोठ्या उत्साहाने मला घरी घेऊन गेले. मुलासाठी त्यांनी जोडी मागवली होती. शिसवीचे खोड, तांब्याचा जड डग्गा, मखमली गवसणी, जरीची चुंबळ, चकचकीत हातोडी, आणि हे सारे ठेवायला चाके लावलेली पेटी. मी म्हटले, "जोडी सुंदर आहे. कोणत्या पट्टीची घेतलीत?" ते म्हणाले, "सर, सगळ्यांत महागातली घेतली."

वाचकहो, हे उत्तर ऐकून हसू नका. त्या उत्तरात आपल्या काळाचे सगळे शिक्षणशास्त्र साठवलेले आहे. तबल्याला पट्टी असते, म्हणजे तो अमुक एका स्वरासाठी घडवलेला असतो; तोंड लहान तर स्वर उंच, तोंड मोठे तर स्वर खाली. गठ्ठे ठोकून तो थोडा वर चढवता येतो, थोडा खाली उतरवता येतो, पण काळी एकचा तबला काळी पाचला कोणी कितीही ठोकला तरी जाणार नाही. जाईल ती पुडी! ज्या मास्तरांकडे हा मुलगा शिकणार होता, त्यांची पेटी एका पट्टीत आणि ही महागातली जोडी दुसऱ्या पट्टीत. चार महिन्यांनी तेच गृहस्थ मला बाजारात भेटले आणि म्हणाले, "मुलाचा हात काही बसत नाही. वाद्य बदलून बघावे का?" मी विचारले, "रोज किती वेळ बसतो?" ते म्हणाले, "बसतो कुठला! परीक्षा, क्लास, वेळ कुठे आहे?" ती जोडी आज त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. पाहुणे आले की, गवसणी काढून दाखवतात. पुडीवर अजून बोटाचा डाग नाही.

आता कोणी म्हणेल, ज्याचा पैसा तो खर्च करतो. तुमच्या पोटात का दुखते? दुखते, कारण या थाटाची किंमत तो गृहस्थ देत नाही, ती दुसराच कोणी देतो. ती कोणी दिली, ते मी पुढे सांगणार आहे, आणि त्यात माझाही अपराध आहे.

त्याआधी वाद्याची बाजू मांडली पाहिजे. मी वाद्याला तुच्छ लेखणाऱ्यांपैकी नाही. 'खऱ्या कलावंताला वाद्य काय, तो पत्र्याचा डबाही बोलका करील,' असली भाबडी वाक्ये मला मान्य नाहीत. तबला ही आपल्या देशातल्या कारागिरांनी लावलेल्या मोठ्या शोधांपैकी एक गोष्ट आहे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर नुसता आवाज निघतो, स्वर निघत नाही. त्या कातड्याच्या मध्यावर शाईचा गोल बसवला की, त्याच कातड्यातून स्वर निघू लागतो. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देत, प्रत्येक थर दगडाने घोटत ही शाई चढवतात. हे असे का होते, याचा उलगडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला. आपल्या एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, या शाईच्या वजनामुळे कातड्याची कंपने स्वराच्या गणितात बसतात, तारेच्या वाद्यात बसतात तशी. ज्या शाईवर पुढे नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाने डोके खर्च केले, ती आमच्या कारागिरांनी कितीतरी पिढ्या आधी हाताने आणि कानाने सिद्ध केली होती.

पण यातून निघणारे तात्पर्य कोणते? हेच की, तबल्यातले जे खरे आश्चर्य आहे, ते शाईत आहे, पुडीत आहे, सोळा घरे एका स्वरात बोलण्यात आहे. ते मखमलीत नाही, जरीत नाही आणि चाकांच्या पेटीत तर नाहीच नाही. एखाद्या प्रामाणिक कारागिराने बांधलेल्या साध्या जोडीत ते सारेच्या सारे असते. शिकणाऱ्याने वाद्याकडून दोनच गोष्टी मागाव्यात: ते सुरात असावे आणि ते रोज हाताखाली असावे. बेसुऱ्या, सैल, शाई उडालेल्या तबल्यावर मूल शिकवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. त्याने हातापेक्षा कान बिघडतो आणि बिघडलेला कान सुधारणे फार कठीण. परंतु 'सुरात असलेली साधी जोडी' आणि 'सगळ्यांत महागातली जोडी' यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते पैशाने तोडता येते. आणि 'सुरात असलेली जोडी' आणि 'सुरात वाजणारा धा' यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते पैशाने तोडता येत नाही. घोटाळा असा की, पहिले अंतर तोडले म्हणजे दुसरे आपोआप तुटेल, असे आपण समजतो.

विद्या कुठून सुरू होते ते पाहा. उस्ताद झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी गेले, तेव्हा घरोघर लोकांनी हळहळ व्यक्त केली. चहाच्या जाहिरातीतले ते उडणारे केस आणि ती न दिसणारी बोटे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. पण ते स्वतः आपल्या जन्माची एक हकीकत पुष्कळदा सांगत. नुकते जन्मलेले मूल वडिलांच्या, म्हणजे उस्ताद अल्लारखांच्या हातात दिले, तेव्हा बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायची रीत होती. अल्लारखांनी त्याच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. विचारले तेव्हा म्हणाले, हीच माझी प्रार्थना. म्हणजे बापाने मुलाला पहिली भेट दिली ती तबल्याची नव्हे, बोलांची. फुकट भेट! आणि तीच आयुष्यभर पुरली.

आपल्याकडे पढंत म्हणतात ती हीच. बोल आधी तोंडात बसला पाहिजे, टाळीत बसला पाहिजे, मग बोटात उतरतो. ज्याला त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर धरता येत नाहीत, खाली कुठे आली हे कळत नाही, त्याच्यापुढे कसलेही खोड ठेवा, ते लाकूडच राहणार. उलट ज्याच्या अंगात लय आहे, त्याच्यापुढे काहीही नसले तरी तो वादकच. गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर यांचे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा असा हिशेब ते एकाच वेळी चालवीत, आणि भलेभले जाणकार तोंडात बोट घालीत. यात कोणते साहित्य लागले? दोन हात, दोन पाय आणि वर्षानुवर्षांची साधना.

गोव्याचा विषय निघाला म्हणून तिथलेच एक वाद्य सांगतो. घुमट हे मातीच्या मडक्याचे वाद्य. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले, आणि ते योग्यच झाले. मग घुमट संपले का? नाही. लोकांनी बकऱ्याचे कातडे मढवले. आवाजात फरक पडला, जुन्या वादकांनी नाके मुरडली, पण हात तेच होते, आरत्या त्याच होत्या, चवथीचा सणही तोच होता. २०१९ साली गोव्याच्या सरकारने त्याच घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले तरी वाद्य टिकले, कारण विद्या माणसांत होती. याच्या उलट करून पाहा: अस्सल कातडे जपून ठेवा आणि वाजवणारे हात जाऊ द्या. राहील ते संग्रहालय.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यांत बळकट मुद्दा घेतो. ते म्हणतात, "अहो, मोठमोठे तबलजी वाद्याच्या बाबतीत किती चोखंदळ असतात! मैफिलीपूर्वी अर्धा अर्धा तास तबला लावतात, मनासारखी पुडी मिळेपर्यंत कारागिराला सोडत नाहीत. मग आमच्या मुलाने का म्हणून साध्यावर भागवावे?" खरे आहे, मोठे कलावंत चोखंदळ असतात. पण त्यांचा चोखंदळपणा आधी कानात आला, मग खरेदीत आला. बारीकशी कुरकूर त्यांना ऐकू येते, म्हणून ते पुडी बदलतात. तुमच्या मुलाला लवेवरचा आणि चाटेवरचा आवाज अजून वेगळा ऐकू येत नाही. त्याला कसला आलाय चोखंदळपणा? कलावंत वाद्य निवडतो ते कानासाठी. आपण निवडतो ते डोळ्यांसाठी, तेही दुसऱ्यांच्या.

उस्ताद अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते. १९७६ साली ते गेले. त्यांचे 'थिरकवा' हे नाव बोटांच्या थिरकण्यावरून पडले. तबल्याच्या किमतीवरून नव्हे. त्याच नाटक मंडळीचे भरजरी शालू, खरे दागिने, अत्तरे यांच्या कथा आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला सांगितल्या. त्या थाटापायी झालेल्या कर्जाच्या कथाही सांगितल्या. शालू विरले, अत्तर उडाले, कर्जाचे आकडेसुद्धा लोक विसरले. महाराष्ट्राने जपून ठेवले ते दोनच ऐवज: एक गळा आणि एक हात.

दुसरा मुद्दा कारागिरांचा. "साधीच जोडी घ्या म्हणता, मग बिचाऱ्या कारागिरांनी खावे काय?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याचे उत्तर प्रतिपक्षाच्या अंगावर येते. तबल्याच्या कारागिराचे पोट कपाटातल्या जोडीवर चालत नाही. कपाटातली जोडी एकदा विकली जाते आणि संपते. वाजवणारा मनुष्य मात्र पुन्हा पुन्हा येतो. त्याची शाई उडते, चाट फाटते, वादी तुटते. तो गठ्ठे मागतो, नवी पुडी बांधून मागतो, तक्रार करतो, भांडतो, घासाघीस करतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. शिवाय तो ऐकणारे गिऱ्हाईक असतो. 'हे घर उतरले आहे' असे सांगणारा कोणी समोर असेल, तरच कारागिराचा हात चोख राहतो. काय महाग आहे एवढेच विचारणाऱ्या गिऱ्हाइकांनी चांगल्या कारागिराचे हात आळशी करून ठेवले आहेत.

तिसरा मुद्दा यंत्रांचा, आणि इथे मी पुष्कळसा तह करायला तयार आहे. मोबाईलवर लेहरा मिळतो, ठेका मिळतो, लय हवी तेवढी कमीजास्त करता येते. पूर्वी लेहऱ्यासाठी पेटीवाल्याची मनधरणी करावी लागे. ती अडचण गेली. एकट्या शिकणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. माझे म्हणणे इतकेच की, यंत्र लय दाखवते, लय अंगात घालत नाही. भिंतीवर घड्याळ लावले म्हणून मनुष्य वेळेवर उठतो असे नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

आमच्या शाळेत तबल्याचा वर्ग सुरू झाला, तेव्हा सूचनाफलकावर लावायचा मजकूर मीच लिहिला होता. त्यात शेवटी एक ओळ होती: 'तबल्यास नाव देणाऱ्यांनी स्वतःची जोडी आणावी.' लिहिताना मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. चित्रकलेला रंगपेटी आणतात, तशी तबल्याला जोडी. मराठीच्या तासाला एक मुलगा मागच्या बाकावर बसून सारखा बाक वाजवायचा. मी त्याला दोनदा उभे केले, एकदा वर्गाबाहेर घातले. एक दिवस मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. मला वाटले, माफी मागायला आला असेल. त्याने विचारले, "सर, जोडी केवढ्याला मिळते?" मी सांगितले. तो 'बरं सर' म्हणाला आणि गेला. त्याचे वडील हमाली करीत. मी सांगितलेला आकडा त्यांच्या महिन्याच्या कमाईच्या आसपास होता, हे माझ्या ध्यानात आले ते संध्याकाळी, जेवताना. तरीसुद्धा मी दुसऱ्या दिवशी काही केले नाही, हेही लिहिले पाहिजे.

वर्षाअखेरीस तबल्याच्या वर्गात नऊ जोड्या होत्या आणि वाजवणारे तिघे. ज्याच्या बोटांना स्वस्थ बसवत नव्हते, त्याच्याकडे जोडी नव्हती. ज्यांच्याकडे जोड्या होत्या, त्यांच्या बोटांना त्या नको होत्या. आणि या दोघांच्या मध्ये माझ्या हस्ताक्षरातली एक ओळ होती. तो मुलगा दहावीनंतर शिक्षण सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला. मध्ये एकदा मी सायकलीत हवा भरायला तिथे थांबलो होतो. टपावर ठेवलेल्या त्याच्या हाताची बोटे हलत होती. मला पाहून त्याने हात मागे घेतला, जसा वर्गात घ्यायचा तसा. थाटाची किंमत कोण देतो, असे मघाशी विचारले होते ना? हा देतो.

पुढच्या जूनमध्ये मी ती ओळ पुसली. गावातल्या देवळाच्या माळ्यावर भजनी मंडळाच्या दोन जुन्या जोड्या पडून होत्या. त्या मागून आणल्या. एका डग्ग्याला पोचा होता, एका खोडाला चीर होती. चिरेचे खोड बाद केले, बाकीच्यांना पुड्या बांधून घेतल्या. तालुक्याच्या कारागिराने दोन वेळा घर जुळवून दिले आणि मजुरी माफक घेतली. आता आठ मुले पाळीपाळीने त्यांवर बसतात. पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी टाळी देत बोल म्हणायचे असा नियम आहे. वाद्य थोडे असल्यामुळे पढंत आपोआप पुष्कळ होते! आठांतून फार मोठा वादक निघेल असे मी म्हणत नाही. चौघे टिकतील, एखाद्याचा हात गोड होईल. पण यापुढे 'केवढ्याला मिळते' या प्रश्नावर कोणाची विद्या अडणार नाही. उशीर झाला तो एकाच्या बाबतीत, आणि त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

म्हणून यंदाच्या पाडव्याला माझी आपणा सर्वांना एक विनंती आहे. मुलाला तबला शिकवायचा असेल तर पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका. त्याला गुरूकडे पाठवा, बोल म्हणू द्या, टाळी देऊ द्या, गुरूच्याच जोडीवर हात ठेवू द्या. तीन महिन्यांनी तो स्वतः होऊन मागू लागला, तर गुरूला बरोबर घेऊन जवळच्या कारागिराकडे जा. पट्टी विचारा. शाईला चिरा नाहीत ना, पुडीची सोळाही घरे एका स्वरात बोलतात ना, मुलाच्या हाताला तबल्याचे तोंड पेलते ना, डग्ग्याची घुमक येते ना, एवढे पाहा आणि त्या कारागिराला त्याचा योग्य दाम द्या. गवसणी घरातल्या जुन्या गोधडीची शिवा. आजीच्या हातची असली तर उत्तमच.

आणि ज्यांच्या घरी जोडी आधीच आहे, कपाटात आहे, माळ्यावर आहे, त्यांनी ती यंदा खाली काढावी. घरात वाजवणारा असेल तर त्याच्यापुढे ठेवावी. नसेल तर गल्लीत, शाळेत, वस्तीत बाक वाजवणारे एखादे पोर नक्की असेल, त्याला ती वापरायला द्यावी. तो ती खराब करील, या भीतीने हात आखडू नका. न वाजवलेली पुडीही टिकत नाही. पावसाळ्यात कातडे सैल पडते, शाई आपोआप सुटते, उंदीर वादी खातात. पुडी फाटायचीच आहे, ती कपाटात फाटू देऊ नका. कोणाच्या तरी बोटांखाली फाटू द्या!